फोन आणि फळा: प्रौढ साक्षरतेच्या वर्गात या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात मी प्रौढ महिलांचे वर्ग घेते. वर्गात बहुतेक जणी बिड्या वळणाऱ्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि वयाने चाळिशीच्या पुढच्या असतात. केंद्राचा नव भारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आला, तो १५ वर्षे आणि त्यापुढील सर्वांसाठी खुला झाला आणि २०२३ मध्ये त्याचे उल्लास ॲप हाती आले. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा स्वयंसेवक पहिल्याच दिवशी फोन बाहेर काढून विचारतो की, व्हिडिओ पाठवून काम होत असेल तर रोज वर्ग कशाला भरवायचा. फोनला माझा विरोध नाही. सोलापूरजवळच्या कुंभारीला बिडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि ओळखीच्या कितीतरी बाया शहरातून तिकडे गेल्या. त्यांच्यापैकी ज्यांचे शिक्षण तुटले नाही, त्यांचे फोनमुळेच तुटले नाही. परंतु फोन आणि वर्ग यांची सांगड घालताना तेच तेच घोटाळे दरवर्षी पाहून आता कंटाळा आला आहे, म्हणून ते लिहून काढते आहे.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा घोटाळा म्हणजे पाठवलेला धडा शिकला गेला असे समजणे. हा मी स्वतः केलेला आहे. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग बंद झाला, तेव्हा मी बावीस जणींचा व्हॉट्सॲप गट केला आणि रोज चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवू लागले. फळ्यावर अक्षर काढायचे, त्याचा उच्चार करायचा, शब्द सांगायचे, असा तो साधा प्रकार होता. निळ्या खुणा दिसत, अंगठे येत, कुणी हात जोडल्याचे चित्र पाठवी. तीन आठवडे मी अत्यंत समाधानात होते. पुढे निर्बंध सैल झाल्यावर चार-पाच घरी जाऊन आले. एका अक्कासमोर 'म' धरला, तर तिने तो निरखून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं व्हिडिओ सगळं आमच्या नातवानं बघितलंय की. तुमचा आवाज पाठ झालाय त्याला." अंगठेही त्यानेच पाठवले होते. फोन मुलाचा होता. मुलगा सकाळी यंत्रमागाच्या कारखान्यात जाताना तो घेऊन जाई आणि रात्री नऊला परत आणी, तोवर दिवसाचा डेटा संपलेला असे. राहिलेल्या वेळात नातू धडे पाहत होता, आणि त्या नातवाची अक्षरओळख आधीच उत्तम होती.

तेव्हापासून माझ्या नोंदवहीत प्रत्येकीच्या नावापुढे शिक्षणाची इयत्ता लिहिण्याआधी तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: फोन कुणाचा, तो घरी किती वाजता येतो आणि त्या वेळी ही बाई काय करत असते. तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त शिकवले. बिडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. पान, तंबाखू, दोरा यांवरून तिची नजर हलत नाही, कारण नजर हलली तर बिडी सैल होते आणि सैल बिडी ब्रँचमध्ये, म्हणजे तयार बिड्या जमा करायच्या कारखान्याच्या शाखेत, छाट म्हणून बाजूला पडते. अशा बाईला व्हिडिओ पाठवणे म्हणजे तिच्या मजुरीतून वेळ मागणे होय. तिचे डोळे आणि हात गुंतलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. म्हणून मी आता दोन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवते: कालच्या वर्गातील अक्षर, त्याने सुरू होणारे पाच शब्द आणि शेवटी एक प्रश्न, ज्याचे उत्तर तिने स्वतःच्या आवाजात परत पाठवायचे. नातवाचा आवाज मला आता ओळखू येतो.

याच ओघात एक किरकोळ पण हास्यास्पद चूक सांगते. अक्षरे शिकायला आलेल्या बायकांच्या गटावर "उद्या वर्ग पाच वाजता आहे" असे टंकलिखित करून पाठवणारे स्वयंसेवक मी दरवर्षी पाहते.

दुसरी चूक क्रमाची आहे. नवे अक्षर फोनवर द्यायचे आणि वर्गात उजळणी घ्यायची, अशी मांडणी अनेकांना आधुनिक वाटते. शिकलेल्या माणसाला ती चालते, कारण त्याला वाचून समजून घेण्याची सवय असते. प्रौढ नवसाक्षराची अक्षराशी पहिली भेट समोरासमोरच व्हावी, कारण त्या क्षणी तिचा हात धरावा लागतो, पेन्सिल किती दाबावी हे दाखवावे लागते आणि चुकल्यावर ती हसते की गप्प होते हे पाहावे लागते. नवे ते वर्गात आणि घोटणे फोनवर, हा क्रम मी मोडत नाही. उच्चाराचेही तेच आहे. घरी तेलुगू बोलणाऱ्या पुष्कळ जणी 'घर' ला 'गर' आणि 'भाजी' ला 'बाजी' म्हणतात. ऐकून त्यांना फरक लगेच कळत नाही, पण तळहात ओठांसमोर धरून 'ग' आणि 'घ' म्हणायला लावले की श्वासाचा झोत हाताला लागतो आणि गोष्ट समजते. हे फोनवरून शिकवून मी बघितले, जमले नाही.

आता माझ्या विशेष रागाची चूक. फळ्यावरचे अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर एकच आहे, असे आपण गृहीत धरतो. मराठीत आपण पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहितो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत हीच रूपे प्रमाण ठरवली. बहुतेक फोनांवर मात्र हिंदीच्या वळणाचा, उजवीकडे उभा दांडा असलेला 'ल' दिसतो आणि 'श' ही निराळा दिसतो. आपल्याला हा फरक जाणवतही नाही, कारण आपण शब्द एका नजरेत उचलतो. एक एक अक्षर लावून वाचणाऱ्या बाईला तो भिंतीसारखा आडवा येतो. माझ्या वर्गातली एक मावशी फळ्यावर 'सोलापूर' न अडखळता वाचत असे. मी तोच शब्द फोनवर पाठवला, तर ती 'सो' म्हणून थांबली. बराच वेळ पडद्याकडे पाहून तिने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, फोनमधलं सोलापूर येगळं हाय." आणि पुढचे आठ दिवस ती वर्गाला आली नाही. आपल्याला काही येत नाही हा जुना समज तिच्या मनात पुन्हा पक्का झाला होता, आणि चूक तर तिची नव्हतीच.

फोनची भाषा मराठी केली की काही फोनांवर आपली रूपे येतात, काहींवर येत नाहीत; त्या भरवशावर राहू नये. मी 'ल' आणि 'श' शिकवतानाच दोन्ही रूपे एका पुठ्ठ्यावर शेजारी लिहिते आणि सांगते की बाई एकच, घरी एक साडी आणि लग्नाला दुसरी. एवढे पुरते. शिवाय फोनवर टंकलेले शब्द न पाठवता मी वहीत हाताने लिहून त्याचा फोटो पाठवते.

अंकांचा गोंधळ याहून वाईट असतो, कारण तिथे पैसे गुंतलेले असतात. पुस्तकात १ असा असतो आणि तो फोनवरच्या नवासारखा दिसतो. ४ हा इंग्रजी आठाशी मिळताजुळता आहे. बिड्यांचा हिशेब तोंडी चोख करणारी बाई अशा ठिकाणी फसते आणि आपण तिला गणित कच्चे ठरवतो. यावर उत्तम साधन तिच्या कमरेच्या पिशवीतच असते: ५०० च्या नव्या नोटेवर रक्कम मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत छापलेली आहे. नोट हातात द्यावी आणि दोन्हीकडचे पाच शोधायला सांगावे. नोटेवर कुणी कंटाळत नाही.

बोटाने पडद्यावर अक्षर गिरवण्याची ॲप मला मुळीच आवडत नाहीत. पडद्याला दाब लागत नाही, ओळ लागत नाही आणि चुकलेले एका स्पर्शात पुसले जाते. साक्षरता कार्यक्रमाची शेवटची चाचणी कागदावर असते. तिचे १५० गुण वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांत ५०-५० असे विभागलेले आहेत आणि प्रत्येक भागात किमान ३३ टक्के मिळवावे लागतात, त्यामुळे वाचन कितीही चांगले झाले तरी लेखनाची उणीव भरून निघत नाही. वही, पेन्सिल आणि रोजच्या पाच ओळी यांना पर्याय मला अजून सापडलेला नाही.

सही शिकवून फोटो काढणाऱ्यांविषयी जास्त लिहीत नाही. सही हे एक चित्र आहे आणि ते दोन दिवसांत येते. जनगणनेतसुद्धा समजून वाचता आणि लिहिता येणाऱ्यालाच साक्षर म्हणतात. ॲपवर नाव नोंदवले म्हणजे वर्ग सुरू झाला असे मानणारेही याच जातीचे.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि पाण्याच्या दिवशी वर्गात कुणीही फिरकत नाही. नवे स्वयंसेवक गैरहजेरी लावतात आणि रागावतात. मी पाण्याचा दिवस हाच फोनचा दिवस ठरवला आहे: त्या दिवशी वर्ग नाही, फक्त आवाजी उजळणी. सिद्धेश्वराच्या यात्रेतही, जानेवारीत गड्डा म्हणजे तिची जत्रा भरलेली असताना, हीच सोय ठेवते. पाण्याची पाळी पुढे ढकलली की गटावर सगळ्यांत आधी तीच मावशी, आठ दिवस रुसलेली, बोलून कळवते: "बाई, आज पाणी न्हाई, वर्ग हाय न्हवं?"