ओढायचे नाही, ढकलायचे: स्लायडिंग मायटर सॉवर नव्याने उभे राहणाऱ्यांसाठी

माझ्या डाव्या तर्जनीचे टोक आजही बधिर आहे. रंधा मारून झाल्यावर कड गुळगुळीत झाली की नाही हे बघण्यासाठी मी मधले बोट फिरवतो, कारण तर्जनीला लाकडाचा खरखरीतपणा आता नीट कळत नाही. ज्यांनी आयटीआयमध्ये सुतारकाम केले आहे किंवा एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे काढली आहेत, ज्यांना गुण्या, पटाशी, सागवान, प्लाय यांची ओळख करून देण्याची गरज नाही, पण जे कारखान्यातल्या स्लायडिंग मायटर सॉसमोर, म्हणजे लाकूड आडवे किंवा कोनात कापणाऱ्या विजेच्या गोल करवतीसमोर, पहिल्यांदाच उभे राहणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. या यंत्राची भीती वाटत असेल तर ती लपवू नका. मला भीती वाटत होती तोपर्यंत मी सुरक्षित होतो. ती गेली आणि तिच्या जागी समज आली नव्हती, तेव्हा माझे बोट कापले गेले.

साधा मायटर सॉ फक्त वरून खाली येतो. स्लायडिंग यंत्रात मोटर आणि पाते यांचे डोके दांड्यांवरून पुढे-मागेही सरकते, त्यामुळे १० इंची पात्यानेही साधारण १२ इंच रुंदीची फळी एका दमात आडवी कापता येते. सरकण्याची ही सोयच त्याचा खरा धोका आहे, आणि मला त्याबद्दल कोणीही काही सांगितले नव्हते. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी एकदा काप घेऊन दाखवला आणि म्हणाले, "बघितलंस ना? आता तू घे. हात बसला की आपोआप येतं." या वाक्याचा मला आजही राग आहे. हात बसतो हे खरे, पण तो चुकीच्या पद्धतीवरही तितकाच पक्का बसतो.

माझा हात ओढण्यावर बसला. गावी काकांकडे जी करवत होती तिचे दात मुठीकडे वळलेले होते आणि ती ओढताना कापायची. लहानपणापासून माझ्या अंगात तीच चाल होती. यंत्रासमोर उभे राहिल्यावर मी डोके मागे फेन्सपाशी, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीपाशी, ठेवून, पाते सुरू करून, ते लाकडात उतरवून स्वतःकडे ओढू लागलो. पाऊण इंची प्लायवर हे सुरेख चालले. काप झरझर व्हायचा, जोर लागायचा नाही, वरची कडही स्वच्छ यायची. सुमारे चार महिने मी असाच काप घेत होतो आणि जवळून जाणाऱ्या कोणीही मला टोकले नाही. गैरसमजाचे मूळ इथेच आहे: चुकीची पद्धत आधी सोपी वाटते.

पाते कोणत्या दिशेने फिरते ते यंत्र बंद असताना, प्लग काढून, नीट बघा. तुमच्याकडच्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि पात्याच्या तळाचे दात तुमच्यापासून दूर, फेन्सकडे जातात. ही दिशा मुद्दाम तशी ठेवलेली आहे, म्हणजे लाकूड फेन्सला दाबले जाते. आता सायकल उलटी करून चाक जोरात फिरवा आणि मग ते फिरते चाक जमिनीला टेकवले तर काय होईल याचा विचार करा. चाकाचा तळ ज्या दिशेला जातो त्याच्या उलट दिशेला सायकल उडी घेईल. मायटर सॉच्या पात्याचा तळ फेन्सकडे जातो, म्हणून लाकडाने पाते पकडले की डोके उडी घेईल ते तुमच्या अंगावर. तुम्ही स्वतःच ते अंगाकडे ओढत असाल, तर त्या उडीला अडवणारे काहीच उरत नाही. तुमचा हात आणि पात्याची ताकद दोन्ही एकाच दिशेने काम करतात. प्रत्येक दात वरून नव्या लाकडात घुसतो आणि स्वतःला आणखी पुढे खेचतो. प्लायसारख्या एकसारख्या मालात ही ओढ इतकी मऊ असते की ती आपल्या हाताचीच सफाई वाटते. गाठ लागली की ती तशी राहत नाही.

मला गाठ लागली ती नऊ इंच रुंद, दीड इंच जाड सागवानी फळीत. फळी क्लॅम्पने धरलेली नव्हती, तिला किंचित पीळ होता, आणि माझ्या डाव्या हाताची बोटे तिच्या पुढच्या कडेवरून खाली वळलेली होती, कापाच्या रेषेपासून जेमतेम तीन इंचांवर. खालचा गार्ड, म्हणजे पाते झाकणारे संरक्षक आवरण, बाइंडिंगच्या तारेने वर बांधलेला होता, कारण "रेष दिसत नाही" अशी सगळ्यांचीच तक्रार असायची. पात्याचा आवाज एकाएकी जाड झाला, डोके फळीवर चढून माझ्याकडे आले, फळी जागच्या जागी फिरली आणि तिच्याबरोबर माझा हात पात्याखाली गेला. हे सगळे घडायला लागलेला वेळ मी सांगू शकत नाही, कारण मला ते घडताना दिसलेच नाही. दिसला तो फेन्सवरचा लाल डाग. पाच टाके पडले आणि दीड महिना घरी बसावे लागले. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. "मी पटकन हात काढीन" असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

योग्य पद्धत याच्या बरोबर उलट आहे आणि ती आठवडाभरात अंगवळणी पडते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पाते बंद असताना, लाकडाच्या वरूनच, डोके पूर्ण स्वतःकडे ओढून घ्यावे. मग ट्रिगर दाबून पाते पूर्ण वेगात येऊ द्यावे. आवाज चढायचा थांबून एकसुरी झाला की वेग आला असे समजावे. त्यानंतर ते फळीच्या पुढच्या कडेवर खाली उतरवून, फेन्सच्या दिशेने, सावकाश ढकलत न्यावे. आता पात्याची उडी घेण्याची दिशा तुमच्या ढकलण्याच्या विरुद्ध आहे, म्हणजे तुमचा हातच तिला लगाम घालतो. काप संपला की ट्रिगर सोडावा, डोके खालीच धरून ठेवावे, आणि पाते पूर्ण थांबल्यावरच वर उचलावे. हे शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत. फिरते पाते वर येताना सुटलेला तुकडा दातात अडकतो आणि गोळीसारखा उडतो. शिवाय नुकत्या कापलेल्या चकचकीत टोकावर एक ओरखडा राहतो, तो पुन्हा कापल्याशिवाय जात नाही.

पाच इंचांच्या आतली पट्टी असेल तर सरकवूच नका. दांड्यांचा लॉक घट्ट करून यंत्र साध्या मायटर सॉसारखे वरून खाली वापरा. त्यात धोका कमी आहे आणि अचूकताही जास्त आहे, कारण डोके दांड्यांवर जितके बाहेर येते तितके ते बाजूला हलायला मोकळे होते. मूठ थोडी जरी आडवी दाबली गेली तरी पाते वाकून काप तिरका येतो, आणि मग माणूस यंत्राला दोष देतो.

हातांबद्दल थोडक्यात सांगतो. पात्याच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना वीतभर अंतर ही हाताची हद्द आहे, आणि तुकडा त्याहून लहान असेल तर तो क्लॅम्पने धरावा किंवा लांब पट्टीतूनच कापून घ्यावा. डावा हात उजव्या बाजूला आणि उजवा डाव्या बाजूला असा हातांचा काटा कधीही करू नये. हातमोजे घालू नयेत, कारण दाताने कापडाचा धागा पकडला तर तो हातासकट ओढतो. मनगटातले कडे, देवाचा गंडा, अंगठी, लांब बाही यांचेही तसेच आहे. श्रद्धा असेल तर गंडा कामापुरता दंडावर बांधा. चष्मा आणि कानातले बोळे हवेतच. धुळीकडे तर आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही, मात्र लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चितपणे कर्करोगकारक ठरवलेल्या गटात घातलेली आहे, आणि यंत्रामागची पिशवी त्यातली थोडीशीच धरते. रुमाल बांधणे म्हणजे मास्क नव्हे.

गार्ड तारेने बांधलेला असेल तर तार तोडा. रेष दिसत नसेल तर गार्ड पुसा, कारण बहुतेक वेळा तो भुशाने आंधळा झालेला असतो. एखादा ज्येष्ठ मिस्त्री हसला तरी चालेल. माझे मत स्पष्ट आहे: जो माणूस गार्ड बांधून काम शिकवतो त्याच्याकडून रंधा शिकावा, जोड शिकावा, पण यंत्र शिकू नये.

आता अचूकतेकडे येतो. यंत्राच्या कोनपट्टीवर ४५ अंशांच्या खाचेत दांडा टक्कन बसला म्हणजे ४५ अंश झाले, हा समज सोडून द्या. खाच बरोबर असते, पण फेन्स पात्याशी काटकोनात नसेल तर सगळ्याच खाचा तितक्याच चुकतात. प्लग काढून, डोके खाली आणून, गुण्याचा एक पाय फेन्सला आणि दुसरा पात्याच्या सपाट अंगाला लावा. दाताला लावू नका, कारण दात पात्याच्या जाडीपेक्षा बाहेर आलेले असतात. मग एक चार इंच रुंद सरळ पट्टी मधोमध कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही तोंडे सपाट टेबलावर एकमेकांना भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे, म्हणून ती डोळ्याला चटकन कळते. हा प्रयोग रोज सकाळी दोन मिनिटांत होतो आणि माझ्या मते तो कोणत्याही डिजिटल कोनमापकापेक्षा चांगला आहे. यंत्रावरच्या लेझरच्या रेषेवर काप घेण्याची सवय तर लावूनच घेऊ नका. धारदार पेन्सिलीची रेष मारा, टाकाऊ बाजूला केसभर सोडून कापा, आणि मग हळूहळू रेषेपर्यंत या.

चौकटीत चार कोपरे असतात आणि आठ काप. प्रत्येक कापात अर्धा अंश चुकला आणि सगळ्या चुका एकाच दिशेच्या असल्या, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उभी राहते. पहिले तीन कोपरे हाताने दाबून जुळवले जातात आणि चौथ्यापाशी माणूस पुट्टी शोधायला लागतो. मी अशा फटी भरण्यात बरेच महिने घालवले आहेत. त्या फटी चौथ्या कोपऱ्यात तयार होत नाहीत, सकाळी न तपासलेल्या फेन्समध्ये तयार होतात.

लाकूड वाकलेले असेल तर त्याची फुगीर बाजू फेन्सला लावा, म्हणजे कापाच्या जागी लाकूड आणि फेन्स यांच्यात पोकळी राहत नाही. पोकळी राहिली तर काप पूर्ण होता होता कापलेली फट मिटते, पाते दोन्ही बाजूंनी आवळले जाते, आणि मग मी वर सांगितलेली उडी ढकलतानाही बसू शकते. एकाच मापाचे अनेक तुकडे कापताना फेन्सला ठोकळा लावतात, त्याच्या खालच्या कडेला थोडी फट ठेवावी. तिथे भुसा साचला की प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड येत जातो आणि कारण सापडत नाही. ठोकळा एकाच बाजूला असावा, दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा पडला पाहिजे.

पैसे कमी असतील तर यंत्र साधे घ्या आणि पाते चांगले घ्या. स्वच्छ कापासाठी १० इंची पात्याला ६० ते ८० दात हवेत, आणि दातांचा पुढचा कल शून्याच्या आसपास किंवा किंचित मागे असावा. उभे चिरण्यासाठी बनवलेल्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात. ते या यंत्रावर चढवले तर ते लाकूड अधाशासारखे पकडते. बऱ्याच यंत्रांत पात्याचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो, म्हणून तो सुटत नाही असे वाटून जोर लावण्याआधी दिशा तपासा.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या माथी मारू नका. पावसाळ्यात, जुलैत जोडलेली चौकट एप्रिलमध्ये कोपऱ्यात आतल्या बाजूने उघडली, तर तुमचा काप चुकला असेलच असे नाही. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळपास नाही, त्यामुळे ४५ अंशांचा काप काही महिन्यांनी आपोआप ४५ पेक्षा कमी होतो आणि बाहेरची टोके भिडलेली राहून आतून फट पडते. फट बाहेरून असेल तर लाकूड जोडल्यावर फुगले आहे. कोरड्या लाकडाला पर्याय नाही. नवे सागवान आले की ते कारखान्यात निदान काही आठवडे, पट्ट्या घालून, हवेशीर रचून ठेवावे.

आमच्याकडे आता काम शिकायला नवे मूल आले की पहिले दोन दिवस मी त्याला प्लग काढलेल्या यंत्रावरच उभे करतो. डोके ओढ, उतरव, ढकल, थांब, उचल; असे निदान पन्नास वेळा, आणि तेही खोटी फळी क्लॅम्प करून. तिसऱ्या दिवशी दोन इंची चिडाची, म्हणजे पाइनची, पट्टी मिळते. सागवान महिन्याभराने.