रिन्यूअलची नोटीस आली, आता पुढे काय? (नव्या चालकांसाठी)

मोटार विम्याच्या रिन्यूअलच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. सगळ्यात जास्त चिडून यायची ती बावीस-तेवीस वर्षांची मुलं. "गाडीला ओरखडासुद्धा नाही, मग हप्ता एवढा कसा?" प्रश्न रास्त होता. पण तुम्ही गाडी कशी चालवता हे कंपनीला कुठे माहीत असतं? तिच्यापुढे असतं तुमचं वय, परवाना किती जुना आहे ते, आणि तुमच्या वयाच्या सगळ्या पोरांनी मिळून केलेले अपघात. त्या घोळक्यातून स्वतःला वेगळं काढून दाखवायचं, ते जमलं की हप्ता उतरतो.

मुदत संपायच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा. नोटिशीतला आकडा शेवटचा समजू नका. जुन्या ग्राहकाला नव्यापेक्षा महाग दर लावायला ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, पण असा नियम सगळ्या देशांत नाही. आणि तिथेही शेजारची कंपनी स्वस्त असू शकतेच. दोन-चार कोटेशनं घ्या, मात्र गाडीची किंमत, डिडक्टिबल आणि ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेली वरची संरक्षणं) सगळीकडे तेच ठेवा. नाहीतर जे स्वस्त दिसतं त्यातून काहीतरी गुपचूप काढलेलं असतं.

डिडक्टिबल म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा वाटा. तो वाढवला की हप्ता कमी होतो, म्हणून तरुण मुलं डोळे मिटून वाढवतात. आधी कागदावर मांडा. समजा हप्ता १०० आहे. डिडक्टिबल २० वरून ६० केल्यावर तो ८८ झाला, तर वर्षाला १२ वाचतात आणि एका अपघातात ४० जास्त जातात. म्हणजे तीन वर्षं चार महिने क्लेम आला नाही तरच फायदा. हाच हप्ता फक्त ९६ वर येत असेल तर दहा वर्षं लागतील, तेव्हा सोडून द्या. आणि ते ६० बँकेत नसतील तर हा विचारच करू नका.

आता नो क्लेम बोनस. नव्या चालकाच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा हाच. भारतात क्लेमशिवाय पहिलं वर्ष गेलं की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी कमावलेला बोनस जातो. म्हणून बंपर घासला तर गॅरेजचा खर्च आणि पुढच्या काही वर्षांतली गमावलेली सूट, दोन्ही शेजारी लिहून बघा. लहान काम पदरचे पैसे घालून केलेलं बहुधा परवडतं. पण दुसऱ्याची गाडी ठोकली, कोणाला लागलं, तर रस्त्यावर तोंडी मिटवामिटवी करू नका. कंपनीला कळवा, बोनसचं नंतर पाहू.

गाडी कमी चालवत असाल, तीही दिवसा, तर गाडीत डबी किंवा फोनवर ॲप बसवून चालवण्याची नोंद ठेवणारी पॉलिसी विचारा. वेग, ब्रेक, अंतर, रात्रीचे तास हे सगळं त्यात नोंदलं जातं. रात्रपाळीवाल्यांनी जपून, कारण काही ठिकाणी वाईट नोंदींमुळे हप्ता वाढतोही. तो वाढू शकतो का, हे सही करण्याआधी विचारून घ्या.

"पॉलिसी बाबांच्या नावावर काढू, चालवीन मीच." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मुख्य चालक तुम्ही असताना बाबांना दाखवणं म्हणजे खोटी माहिती देणं, आणि त्यावर क्लेम नाकारला जाऊ शकतो. मुलींना दर कमी लागेल या आशेने ताईच्या नावावर काढण्याची आयडियाही अशीच, आणि युरोपीय संघात तर २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या पॉलिसीत स्त्री-पुरुष असा दरात फरक करताच येत नाही. सरळ मार्ग वेगळा आहे. मुख्य चालक म्हणून तुमचंच नाव द्या आणि आई किंवा बाबा खरोखर गाडी चालवत असतील तर त्यांना जोडचालक दाखवा. अनेकदा हप्ता उतरतो, कधी उतरत नाही. दोन्ही प्रकारे कोटेशन घेऊन बघा.

गाडीची विम्यातली किंमत मात्र मुद्दाम पाडून लावू नका. गाडी चोरीला गेली की तेवढेच पैसे हातात येतात. वर्षाचा हप्ता एकरकमी भरणं जमत असेल तर भरा, कारण मासिक हप्त्यात बहुधा व्याज दडलेलं असतं. ॲड-ऑनची यादी वाचा. रस्त्यात गाडी बंद पडल्यावरची मदत गाडीच्या वॉरंटीतच मिळत असेल, तर तिचे दुसऱ्यांदा पैसे कशाला?

एवढं झालं की जुन्या कंपनीला फोन लावा. "याच कव्हरचं दुसरीकडचं कोटेशन माझ्यापुढे आहे, तुमचा दर किती खाली येईल?" असं शांतपणे विचारा. मी टेबलाच्या त्या बाजूला होते, आणि आवाज चढवणाऱ्यापेक्षा आकडा वाचून दाखवणाऱ्याचं काम लवकर व्हायचं. कंपनी बदलायची ठरली तर बोनसचं पत्र मागून घ्या, नवी पॉलिसी हातात पडल्याशिवाय जुनी सोडू नका, आणि जुनीचा आपोआप रिन्यूअलचा पर्याय आठवणीने बंद करा, नाहीतर खात्यातून दोन हप्ते जातील.