जुन्या ट्रकला इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक बसवण्याआधी

आधी गाडीखाली जाऊन हँडब्रेक कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. मागच्या एक्सलवर स्प्रिंगवाले डबल बूस्टर (हवेवर चालणारे ब्रेकचे डबे) असतील तर पुढचं सगळं लागू आहे. गिअरबॉक्समागे शाफ्टवर ड्रम आणि केबिनमध्ये लांब दांडा असेल, तर आधी स्प्रिंग ब्रेक करून घ्या, स्विच नंतर. ४०७ सारख्या हायड्रॉलिक गाडीला केबल ओढणारी मोटर लागते. तो हिशेब वेगळा.

कागदांचं काम ड्रिल लावायच्या आधी उरका. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि ८ वर्षांवरच्या गाडीला फिटनेससाठी दरवर्षी उभं राहावंच लागतं. किटचे कागद आरटीओत दाखवून उत्तर लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

आता मुख्य गोष्ट. गाडी धरून ठेवते ती बूस्टरमधली स्प्रिंग. हवा भरली की स्प्रिंग दबून ब्रेक सुटतो, हवा गेली की लागतो. वीज फक्त ती हवा आत घेते किंवा बाहेर सोडते. ढिला ब्रेक स्विच लावून घट्ट होत नाही. युरोपात वापरल्या जाणाऱ्या आर१३ नियमानुसार भरलेला ट्रक १८ टक्के चढावर जागेवर राहिला पाहिजे. १८.५ टनांच्या गाडीला तिथे साधारण सव्वातीन टनांची ओढ बसते. आपल्याकडे विदर्भात रस्ते बहुतेक सपाट, त्यामुळे कमजोर हँडब्रेक चिखलदऱ्याच्या घाटात पोचेपर्यंत लक्षातच येत नाही.

म्हणून सपाट जागी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, टाक्या पूर्ण भरा, इंजिन बंद करा, हँडब्रेक सोडा आणि गेजकडे बघत बसा. मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरलं तर साबणाचं पाणी घेऊन युनियन (पाइपचे जोड), पाइप आणि बूस्टर यांवर गळती शोधा. मग बूस्टरमधून बाहेर येणाऱ्या पुशरॉडवर खडूची खूण करून कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा. टाइप ३० च्या बूस्टरचा रॉड २ इंचांहून जास्त बाहेर आला तर स्लॅक अ‍ॅडजस्टर (रॉडची ढिलाई काढणारा भाग) आवळा, लायनर बघा. स्प्रिंग जितकी जास्त पसरते तितका तिचा जोर कमी होतो. बूस्टरचा क्लॅम्प मात्र खोलू नका. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस वाचत नाही.

कॉम्प्रेसर तेल फेकतो का, हे टाकीचा ड्रेन कॉक उघडून पाहा. काळं चिकट पाणी आलं तर आधी कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर, कारण स्विचने चालणारा नवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह त्याच घाणीने अडकतो.

व्हॉल्व्ह बायस्टेबलच घ्या, म्हणजे करंट गेला तरी तो होता त्या स्थितीत राहतो. करंट गेल्यावर हवा सोडणारा साधा व्हॉल्व्ह असेल तर एक फ्यूज उडताच धावती गाडी जाम होते. जुना हँड व्हॉल्व्ह काढू नका, हे आमचं ठाम मत. त्याने हळूहळू ब्रेक लावता येतो, मुख्य ब्रेक गेल्यावर तोच आधार. नुसत्या चालू-बंद स्विचने ते जमत नाही. नवा व्हॉल्व्ह त्याच्या पुढे एकामागे एक जोडा. मग दोन्ही उघडल्याशिवाय ब्रेक सुटत नाही आणि कुठल्याही एकाने लागतो. ब्रेक पेडल दाबल्याशिवाय स्विचने सुटू नये, म्हणून ब्रेक लाइटचा स्विच आधी नीट करून घ्या. धावत्या गाडीत बटण दाबलं गेलं तरी ब्रेक लागू नये म्हणून वेगाचा सेन्सर हवा. केबलवाल्या स्पीडोमीटरमधून तो सिग्नल मिळत नाही.

व्हॉल्व्ह चेसिसच्या आतल्या बाजूला, सायलेन्सरपासून दूर, त्याचं हवा सोडायचं तोंड खाली करून बसवा. तोंडाला रबरी झडप हवीच. गाडी महिनाभर उभी राहिली की कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते, हवा बाहेर पडत नाही आणि ब्रेक लागत नाही. वणी-घुग्घुसकडे कोळशाची धूळ, इतरत्र काळ्या मातीचा चिखल. कनेक्टर वॉटरप्रूफच घ्या. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून काढा.

वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळ. २४ व्होल्टच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून टेप आणि पंखा चालत असेल तर ते आधी सोडवा, नाहीतर ती बॅटरी कायम उपाशी राहते. चार्जिंग २७ ते २८.५ व्होल्ट दिसलं पाहिजे. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जातं, त्या क्षणी ब्रेक आपोआप सुटत नाही ना, हे दहा-बारा वेळा तपासा. बॅटरीची तार काढूनही बघा.

बूस्टर हाताने सोडायचा बोल्ट गंजला असेल तर ग्रीस लावून फिरता करा आणि त्याला बसणारा पाना, दोन ठोकळ्यांसह, केबिनमध्ये ठेवा. तो फिरवण्याआधी ठोकळे लावायचे, हे ड्रायव्हरला करून दाखवा.