दवाखान्यातलं वातावरण स्टाफला विचारायचं असेल तर

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांना तिथलं वातावरण कसं वाटतं हे काढायचं असेल तर पहिलं म्हणजे साहेबानं स्वतः विचारू नये. मी आढावा मीटिंगमधे विचारून बसलो होतो, सगळे म्हणाले "बरं हाय जी सायेब", अन् चहाला बाहेर आलो तर पडवीत तेच लोक गाऱ्हाणी काढत होते, मला पाहून गप्प.

वेळ पाहा. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसी चालू असताना नको, लाळ-खुरकुतच्या लसीच्या राउंडमधे तर नकोच, माणूस पहाटे लसीसाठी बर्फाचा डबा भरून निघालेला असतो.

फॉर्म एक पानी, मराठीत, दहा-बारा वाक्यं, समोर 1 ते 5 चे चौकोन, 1 म्हणजे अजिबात पटत नाही अन् 5 म्हणजे एकदम पटतं. "तुम्ही समाधानी आहात का" असलं गुळगुळीत नको. "टार्गेट ठरवताना मला विचारतात", "रात्री गाय विताना अडली तर मदतीला कोणीतरी येतं", "जनावराच्या कानातल्या टॅगची एंट्री माझ्याच मोबाइलवर, माझ्याच नेटपॅकवर करावी लागते" असं लिहा. हे शेवटचं उलटं वाक्य आहे, मोजताना 5 चे 1, 4 चे 2 असे आकडे उलटे करा, नाहीतर सगळा हिशोब फसतो.

आता खरी गोम. नाव लिहू नका असं सगळेच सांगतात, पण पदनाम अन् दवाखाना लिहायला लावला तर नाव कायले पाहिजे? गावच्या लहान दवाखान्यात एक पशुधन पर्यवेक्षक अन् फारतर एक परिचर, ओळखायला कितीक वेळ लागतो! म्हणून तीन-चार तालुके एकत्र घ्या, दवाखाना विचारूच नका, पदाचे मोठे गट करा, अन् एखाद्या गटात पाचपेक्षा कमी फॉर्म आले तर त्याचा वेगळा आकडा काढू नका. फक्त टिक, अक्षर नको, अक्षर ओळखू येतं. फॉर्म लसीच्या रिकाम्या खोक्यात, चिकटपट्टी मारून, उघडायला बाहेरचा माणूस.

सगळ्यांची एकच सरासरी काढून मोकळे होऊ नका, डॉक्टरांचे 4 अन् परिचरांचे 2 मिळून 3 येतात अन् वाटतं ठीकच चाललंय.

महिन्याभरात आकडे त्यांनाच दाखवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळे डोळे मिटून 3 वर टिक करतील. आमच्याकडे सगळ्यात खाली गेलेलं वाक्य होतं, "गावात जनावर दगावलं की साहेब आधी माझं ऐकून घेतात." साहेब म्हणजे मीच. मीटिंगमधे ते मीच वाचून दाखवलं, कोणी वर पाहिलं नाही.