मेंटॉर ताईला भेटायला जाण्याआधी

कॉलेजनं मेंटॉर नेमून दिली की फायनल इयरच्या बहुतेक मुली पहिल्या भेटीत म्हणतात, "ताई, मला गाइड करा ना." यावर काय बोलावं ते मला कळत नाही आणि तो तास वाया जातो. म्हणून आधी करायची तयारी लिहून देते. मी मेकॅनिकलची, नोकरीची वर्षं चाकणच्या कारखान्यांत गेलेली, तेव्हा उदाहरणं तिथलीच येतील.

आपलं काम बरोबर घे. बायोडेटा मी मेलवर वाचेन. तू एखादं ड्रॉइंग, बनवलेला एखादा पार्ट, अडलेलं कॅल्क्युलेशन आण, पण ते तुझ्या हातचं हवं. प्रोजेक्टमध्ये मुलांनी वेल्डिंग केलं आणि रिपोर्ट तुझ्या वाट्याला आला, असं झालं असेल तर तेही सांग. हे फार वेळा होतं. मग परीक्षेआधीच्या चार दुपारी वर्कशॉपमध्ये घालव, लेथवर स्वतः जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, लाव. मायक्रोमीटर न अडखळता वाचता यायला हवा, आणि ड्रॉइंगवर एखाद्या मापाला दिलेला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, का दिला, तेही सांगता यायला हवं.

प्रश्न वहीत लिहून आण, पाचच. "करिअर कसं करू?" याचं उत्तर कोणाकडेच नसतं. "मला डिझाइनला जायचंय, ऑफर प्रॉडक्शनची आहे, घेऊ का?" यावर मी तासभर बोलू शकते. आणि पाचांतला एक तरी प्रश्न असा असू दे, जो विचारायची लाज वाटते.

माझा तोच राहून गेला. पहिल्या नोकरीत बायकांचं टॉयलेट आम्ही काम करायचो त्या शॉपपासून लांब, ऑफिसच्या इमारतीत होतं. सगळ्यांदेखत लाईन सोडून कसं जायचं, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. काही महिन्यांत लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप चढला, आठवडाभर घरी पडून राहिले. सुपरवायझरला सरळ सांगायचं, तेवढ्या वेळापुरता बदली माणूस मागायचा, त्यात गैर काही नाही, हे सांगणारी एक बाई मला तेव्हा हवी होती. म्हणून तू विचार. टॉयलेट कुठे आहे, सेकंड शिफ्टची बस दारापर्यंत सोडते की चौकात, चार नंबरचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये आहेत का. सैल बूट घालून जिना चढणं धोक्याचं असतं, ही तक्रार किरकोळ नाही.

मुलींच्या कॉलेजात शिकत असशील, तर हे आणखी लक्षात ठेव. कर्वेनगरचं कमिन्स कॉलेज 1991 पासून मुलींना इंजिनिअर करतं आहे. तिथे चार वर्षं आजूबाजूला सगळ्या मैत्रिणी असतात आणि लाईनवर कदाचित तू एकटीच असशील. आधी एकदा प्लांट बघून ये. जमलं तर भेटीलाही मैत्रिणीसोबत ये. 1940 च्या दशकात मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात ए. ललिता, लीलाम्मा जॉर्ज आणि पी. के. त्रेसिया अशा तिघी मुली शिकत होत्या. त्रेसिया पुढे 1971 मध्ये केरळच्या बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. त्या काळात सोबतीला आणखी दोघी असणं केवढं मोठं असेल, असं मला नेहमी वाटतं.

रात्रपाळीवरून घरी वाद होत असेल तर आईबाबांनाही घेऊन ये. त्यांची भीती खोटी नसते. बस, गेट, सिक्युरिटी यांची माहिती मिळाली की बोलणं पुढे सरकतं.

ऑफर लेटर आलं असेल तर प्रिंट काढून आण. सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा आणि हातात येणारा पगार वेगळा, ते आपण मांडून बघू. बॉन्डचं, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचं, कलम पेन्सिलीनं खूण करून ठेव. मूळ प्रमाणपत्रं जमा करा म्हणत असतील, तर सही करण्याआधी मला फोन कर.

कायद्याचं थोडकं वाचून ये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ट्रेनी आणि अप्रेंटिस मुलींनाही लागू आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती सक्तीची असते, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. जॉइन झाल्यावर समितीतल्या बायकांची नावं नोटीस बोर्डावरून वहीत उतरवून घे. गरज पडायच्या आधीच.

पुढच्या भेटीची तारीख उठण्याआधी ठरवू, आणि एक भेट जॉइनिंगनंतरच्या दुसऱ्या महिन्यातली ठेवू. प्रश्न खरे तेव्हा पडतात. जॉइनिंगच्या बॅगेत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, जाड मोज्यांचे दोन जोड, पॅड, केस बांधायला रबर आणि पाण्याची बाटली असू दे. बाटली मोठी घे.