बुटेबल पेनड्राइव्ह: तो कोणत्या मशीनला लावायचाय ते आधी बघा

‘विंडोज मारून द्या’ म्हणून कुणी मशीन आणून ठेवलं की हात लगेच बुटेबल पेनड्राइव्हकडे (ज्यावरून मशीन सुरू करून विंडोज किंवा लिनक्स टाकता येतं तो) जातो. पण पेनड्राइव्ह विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर कुठेही बनतो. तो ज्या मशीनला लावायचा, ते मशीन कोणतं यावर सगळं ठरतं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानातला पंधरा वर्षांचा डेस्कटॉप आणि विश्रामबागेत शिकणाऱ्या मुलाचा नवा लॅपटॉप यांना एकच पेनड्राइव्ह चालेल असं धरून चालू नका.

मशीन चालू होत असेल तर स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’ ही ओळ बघा. तिथे ‘यूईएफआय’ (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) असेल तर पेनड्राइव्ह जीपीटी पद्धतीचा बनवा, ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर एमबीआर. जीपीटी आणि एमबीआर म्हणजे ड्राइव्हवरच्या जागेची वाटणी नोंदवायच्या दोन पद्धती. दोन्हींची अदलाबदल झाली की बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसतच नाही, किंवा दिसतो आणि काळ्या स्क्रीनवर कर्सर नुसता लुकलुकत राहतो.

प्रोसेसरही बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनी मशीनं ११ वर न्यायची घाई आहे. पण कोअर टू ड्युओवर विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यापुढची आवृत्ती चालत नाही. तिला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाहीत, त्यामुळे टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट काढून टाकली तरी उपयोग नाही. अशा मशीनवर ४ जीबी रॅम करा आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पुसण्याआधी

टॅलीचा डेटा, फोटो, कागदपत्रं काढून घ्यायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. फॉन्ट मात्र राहून जातात. ग्रामपंचायत, पतसंस्था, वकिलांची ऑफिसं इथल्या जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात. फॉरमॅट मारल्यावर त्याच फाइली उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि माणसाला वाटतं डेटाच गेला. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर अख्खा कॉपी करून ठेवा. डिजिटल सही करायचं डीएससी टोकन वापरात असेल तर त्याचा ड्रायव्हरही.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) बहुधा आपोआप चालू असतो. सिक्युअर बूटला (फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगला) हात लावला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आधी कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर आतला डेटा परत मिळत नाही, मग दुकान साताऱ्यातलं असो की पुण्यातलं.

फाइल आणि पेनड्राइव्ह

मायक्रोसॉफ्ट किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह सांगतं. तुम्ही १६ चा घ्या. आयएसओ फाइल (विंडोज किंवा लिनक्सचा अख्खा इन्स्टॉलर एकाच फाइलीत) फक्त मूळ साइटवरून उतरवा. रोजच्या २ जीबी डेटावर तुकड्या-तुकड्यानं उतरवलेली ६ जीबीची फाइल बऱ्याचदा आतून खराब निघते, आणि ते इन्स्टॉल अर्ध्यावर अडकल्यावरच कळतं. म्हणून एसएचए२५६ (फाइलीवरून काढलेला ओळख-आकडा) जुळवा. रुफसमध्ये (विंडोजवर बुटेबल पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) फाइल निवडल्यावर शेजारच्या बरोबरच्या खुणेवर क्लिक केलं की तो लांबलचक आकडा येतो. साइटवरच्या आकड्याशी पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तर फाइल नीट उतरली असं समजा.

विंडोजवर

विंडोजचाच पेनड्राइव्ह हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल सर्वांत सोपं. जरा ताबा हवा असेल तर रुफस. ‘डिव्हाइस’मध्ये पेनड्राइव्ह निवडा (बाकीचे पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या हार्डडिस्क आधीच काढून ठेवा), ‘सिलेक्ट’ दाबून आयएसओ द्या, ‘पार्टिशन स्कीम’मध्ये वर ठरलेलं जीपीटी किंवा एमबीआर घाला, बाकी आहे तसं ठेवून ‘स्टार्ट’. लिनक्सच्या फाइलसाठी ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ असं विचारलं तर आधी आयएसओ मोड. तो बूट झाला नाही तर डीडी.

आयएसओ उघडून फाइली हातानं पेनड्राइव्हवर ओढण्याच्या भानगडीत पडू नका. यूईएफआय मशीन फॅट३२ (ड्राइव्ह फॉरमॅट करायचा एक प्रकार) वाचतं, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोज ११ ची ‘इन्स्टॉल डॉट विम’ त्याहून मोठी असते. रुफस एनटीएफएस करून सोबत एक छोटं पार्टिशन टाकतो आणि ही अडचण सोडवतो. ते पार्टिशन पुसू नका.

लिनक्सवर

मिंटमध्ये आयएसओवर राइट क्लिक केलं की ‘मेक बुटेबल यूएसबी स्टिक’ येतं, उबंटूत ‘स्टार्टअप डिस्क क्रिएटर’ आहे. रोजच्या कामाला एवढं पुरतं.

डीडी (फाइल जशीच्या तशी ड्राइव्हवर लिहिणारी कमांड) वापरणार असाल तर आधी ‘एलएसबीएलके’ (जोडलेल्या ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि पेनड्राइव्ह साइजवरून ओळखा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे साडेचौदाच्या आसपास दिसतो. ‘एसडीए म्हणजे हार्डडिस्क, एसडीबी म्हणजे पेनड्राइव्ह’ हा ठोकताळा सोडून द्या. एनव्हीएमई (नव्या प्रकारची एसएसडी) असलेल्या लॅपटॉपमध्ये पेनड्राइव्हच एसडीए होतो, जुन्या डेस्कटॉपमध्ये एसडीए ही अख्ख्या दुकानाचा हिशेब असलेली हार्डडिस्क असते, आणि डीडी एकदाही ‘खात्री आहे का’ विचारत नाही. पेनड्राइव्ह अनमाउंट करा. ‘ओएफ’मध्ये (कुठे लिहायचं ते सांगायची जागा) अख्ख्या ड्राइव्हचं नाव द्या. शेवटी आकडा असलेलं पार्टिशनचं नाव दिलंत तर लिहिणं पूर्ण होईल, पण बूट होणार नाही. ‘कॉन्व्ह’ला ‘एफसिंक’ लावा, नाहीतर काम संपल्याचं दिसतं तेव्हा निम्मा डेटा अजून रॅममध्येच असतो.

विंडोजची आयएसओ मात्र डीडीनं चालत नाही. लिनक्सच्या बहुतेक आयएसओंमध्ये डिस्कसारखं बूट होण्याची सोय आधीच भरलेली असते, विंडोजच्या फाइलमध्ये ती नसते. तिथे व्हेंटॉय हे सॉफ्टवेअर वापरा. तो एकदा पेनड्राइव्हवर बसवला की पुढे आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या; ६४ जीबीच्या एका पेनड्राइव्हवर विंडोज, मिंट सगळं राहतं. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा तो अडतो. निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल की फ्रॉम डिस्क’ निवडून ‘व्हीटीओवायईएफआय’ पार्टिशनमधली की द्या. त्या मशीनला पुन्हा हे करावं लागत नाही.

मॅकवर

लिनक्सचा पेनड्राइव्ह बलेनाएचर या सॉफ्टवेअरनं बनवा. संपताना मॅक ‘ही डिस्क वाचता येत नाही’ असा इशारा देतो. घाबरून ‘इनिशियलाइज’ दाबलंत तर केलेलं काम पुसायच्या वाटेला लागाल, ‘इजेक्ट’ दाबा. एचरनं विंडोजचा पेनड्राइव्ह होत नाही, कारण डीडीचंच. मॅकओएसचा पेनड्राइव्ह हवा असेल तर ३२ जीबीचा घ्या आणि इन्स्टॉलरच्या आतली ‘क्रिएटइन्स्टॉलमीडिया’ कमांड वापरा. इंटेल मॅक सुरू करताना ऑप्शन की धरायची, एम मालिकेतल्या मॅकला पॉवर बटण दाबून धरायचं.

बूट करताना

डेल, लेनोवो आणि एसरला एफ१२, एचपीला एफ९, असुस लॅपटॉपला एस्केप. एसरमध्ये एफ१२ मेनू कित्येकदा बंद असतो, तो बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. की दाबूनही थेट विंडोजच उघडत असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट धरून ‘रीस्टार्ट’ करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा. जुन्या डेस्कटॉपवर निळ्याऐवजी काळ्या पोर्टला, आणि पुढच्याऐवजी मागच्या पोर्टला लावून बघा.

विंडोज इन्स्टॉलर सुरू झाला पण हार्डडिस्कच दिसत नाही, ही तक्रार अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर नेहमीची. हार्डडिस्क बिघडलेली नसते, इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर (इन्स्टॉलरला डिस्क ओळखायला लागणारा) हवा असतो. तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उलगडून त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’मधून तो दाखवा. ड्रायव्हरची नुसती ईएक्सई फाइल तिथे चालत नाही.

पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात लाइटचा भरवसा नसतो. पेनड्राइव्ह लिहिताना लाइट गेली तर पुन्हा लिहिता येतो. इन्स्टॉल चालू असताना गेली तर मशीन बूट न होणाऱ्या अवस्थेत अडकू शकतं. डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि लॅपटॉप चार्जरला लावलेलाच ठेवा.

काम झाल्यावर पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसायला लागला तर तो बिघडलेला नाही. रुफसमध्ये ‘नॉन बुटेबल’ निवडून ‘स्टार्ट’ दाबा, पूर्ण जागा परत दिसते.