नोंदणी क्रमांकाआधी मास्किंग पक्कं करा

आपल्याकडे ऑडिओलॉजिस्टसाठी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्यांसाठी, परवान्याची वेगळी परीक्षा नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेल्या संस्थेतून बीएएसएलपी करायचं (श्रवण आणि वाचा या विषयांतली पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं), मग केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं आणि सीआरआर क्रमांक मिळतो. म्हणजे खरी चाळणी शेवटच्या प्रॅक्टिकलला आणि व्हायव्हालाच. माझ्याकडच्या इंटर्न्सची तयारी मी त्याच हिशेबानं करून घेते.

प्योर टोनची, म्हणजे एकेक सूर ऐकवून ऐकणं मोजायची, पद्धत सगळ्यांना पाठ असते. चांगल्या कानापासून, 1000 हर्ट्झवर सुरुवात. ऐकू आलं की 10 डेसिबल खाली, नाही आलं की 5 वर. वर चढताना तीनपैकी दोनदा उत्तर आलं की तो थ्रेशोल्ड, म्हणजे ऐकू येणारा सगळ्यात हळू आवाज. मग 2000, 4000, 8000, पुन्हा 1000 (5 डेसिबलच्या वर फरक पडला तर पेशंटला नीट समजावून परत घ्या), शेवटी 500 आणि 250. यात गडबड होते ती हाताची. टोन ठरावीक तालात देऊ नका, पेशंटला ताल सापडतो आणि तो आवाज न येताच बोट वर करतो. तुमचा हात त्याला काचेतून दिसत नाही ना, तेही बघा.

खरा कस मास्किंगला, म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात नॉइज सोडून त्याला गुंतवून ठेवण्याला. व्हायव्हात मी ही केस हमखास टाकते: सात वर्षांची मुलगी, गालगुंड होऊन गेलेलं. फोन डाव्या कानाला लावला की तिला काही कळत नाही. उजवा कान 5 डेसिबलवर, एकदम ठणठणीत. डाव्याचं एअर (हेडफोनमधून) 60, बोन (कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर ठेवून) 5. टिम्पॅनोग्राम (पडद्याच्या हालचालीचा आलेख) दोन्हीकडे ए टाइप, म्हणजे नॉर्मल.

दहातले सहा जण सांगतात, ‘मॅडम, कंडक्टिव्ह लॉस,’ म्हणजे आवाज आतल्या कानापर्यंत पोचण्यात अडथळा. अहो, पडदा आणि मधला कान नीट हलतोय असं टिम्पॅनोमेट्री सांगतेय, मग एअर आणि बोनमधली 55 डेसिबलची गॅप आली कुठून? ती उजव्या कानाची देणगी आहे. बोन व्हायब्रेटर डाव्या कानामागे ठेवला तरी अख्खी कवटी हलते, म्हणून 5 ला उत्तर उजव्यानं दिलं. कानावर बसणाऱ्या हेडफोनचा आवाज 40 डेसिबलच्या पुढे पलीकडच्या कानात पोचू शकतो. 60 चं उत्तरही त्याचंच. हा कागद बघून कुणी मुलीला ऑपरेशनचा सल्ला दिला, तर ती चूक ऑडिओग्राम काढणाऱ्याची.

आता करायचं काय? उजव्या कानात नॅरो बँड नॉइज (टोनच्या आसपासच्याच फ्रिक्वेन्सीचा), त्याच्या थ्रेशोल्डच्या 10 वर, म्हणजे 15 पासून. मुलीला सांगा: ‘या कानात वाऱ्यासारखा आवाज येत राहील, तिकडे लक्ष नको देऊस. दुसऱ्या कानात टीं वाजलं की बटण दाब.’ नॉइज दहादहानं वाढवा. लागोपाठ तीनदा वाढवूनही थ्रेशोल्ड हलला नाही तर प्लॅटो मिळाला, म्हणजे तो थ्रेशोल्ड खरा. इथे तो मिळत नाही. नॉइज चढवाल तसा डावा कानही चढत जातो आणि शेवटी मशीनची मर्यादा येते. तिथे निळा चौकोन (डाव्या कानाची मास्किंगसहची खूण) काढून खाली बाण: उत्तर नाही. बोन घेतानाही मास्किंग हवंच, आणि तिथे 250 ते 1000 ला ऑक्लूजन इफेक्टची (कान झाकल्यानं बोनचा आवाज मोठा वाटतो, त्याची) भर घालायला विसरू नका. दोन्ही कानांत मोठी कंडक्टिव्ह गॅप असेल तर मास्किंगचा नॉइजच पलीकडे ओलांडतो; तिथे इन्सर्ट फोन (कानाच्या नळीत बसणारे) वापरा.

कायद्याचा भाग थोडक्यात. आरसीआय कायदा 1992 चा. कलम 13 प्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड हास्यास्पद आहे, पण कलम विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबल लॉस म्हणजे कर्णबधिर, 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. दिव्यांगत्वाची टक्केवारी काढताना चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात वाईट कानाचे मिळवा आणि सहानं भागा. आपल्या मुलीचे शून्य आणि शंभर धरले तर 16.67 टक्के. सवलतींना 40 लागतात. ‘कार्ड मिळेल का हो?’ असं आईवडील विचारतात तेव्हा हे तिथल्या तिथे सांगा, त्यांना उगाच हेलपाटे घालायला लावू नका. वर्गात चांगला कान बाईंकडे येईल अशी जागा मागून घ्या, हेही सांगा. त्याचा उपयोग उद्यापासून होतो.

प्रमाणपत्रावर सही डॉक्टरांची असली तरी आकडा तुमचा असतो. म्हणून शब्दांच्या चाचणीचा थ्रेशोल्ड आणि प्योर टोनची सरासरी यांत 10 डेसिबलच्या वर तफावत दिसली, किंवा बाहेर खिडकीशी नीट बोलणारा माणूस आत तपासणीच्या खोलीत 90 ला गप्प बसला, तर टक्केवारी लिहू नका. रिपोर्टवर ‘प्रतिसाद विश्वासार्ह नाहीत’ असं लिहून ओएई आणि बेरा (पेशंटच्या उत्तरावर न विसंबणाऱ्या तपासण्या) सुचवा, आणि मगच खाली सही आणि सीआरआर क्रमांक टाका.